डबीवरचं बोट

आमच्या घरमालकांनी आम्हाला खोल्या दाखवण्याआधी प्लग दाखवला.

बाकीचे घरमालक नळाला पाणी कधी येतं ते सांगतात, पाहुणेरावळे किती येतात ते आडून आडून विचारतात. ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून पिवळा मल्टिमीटर काढला, त्याच्या लाल-काळ्या तारांची टोकं भिंतीतल्या प्लगात खुपसली आणि पडद्यावरचा आकडा माझ्या नवऱ्याच्या नाकासमोर धरला. “अर्थिंग बघा. अख्ख्या शिरुरात असलं अर्थिंग मिळायचं न्हाई तुम्हाला.” नवऱ्याने मुकाट मान हलवली. मी विचारलं, “आणि पाण्याचं काय?” तर म्हणाले, “रोज घालतो की. सकाळी बादलीभर.” मला वाटलं, ह्या माणसाचं डोकं जरा फिरलेलं आहे. ते होतंच, पण खोल्या हवेशीर होत्या आणि मार्केट यार्डाच्या इतक्या जवळ असूनही सडक्या कांद्याचा वास तिथवर येत नव्हता, म्हणून आम्ही राहिलो.

पाणी म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात घालायचं पाणी, हे दुसऱ्या दिवशी कळलं. अंगणात एका कोपऱ्यात तुळस आणि दुसऱ्या कोपऱ्यात तो खड्डा. आत मीठ-कोळसा घालून पुरलेली तांब्याची पट्टी, वर सिमेंटचं झाकण. सकाळी आंघोळी उरकल्या की आक्का, म्हणजे घरमालकांच्या पत्नी, तुळशीला पाणी घालायच्या आणि घरमालक, म्हणजे आबा, खड्ड्याला. उन्हाळ्यात नळाचं पाणी आटलं की आधी कोणाला, यावरून त्यांची जुंपायची. “माझ्या तुळशीला तांब्याभर पुरतं,” आक्का सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, “ह्यांच्या देवाला घागर लागती.” आबा तोवर झाकण उचलून ओल किती खाली गेली ते बघत बसायचे.

आबा मूळचे केंदूरचे बागायतदार. शेवंती, झेंडू, मधल्या काळात कांदा. आक्कांच्या गुडघ्यांना वस्तीवरची चढउतार सोसेना, तेव्हा मुलाच्या हाती शेती देऊन दोघं शिरूरला या घरात आली. मुलगा आठवड्याला भाजी आणि भांडणं दोन्ही घेऊन यायचा. फुलं पिकवणाऱ्या माणसाला हे तारांचं खूळ कसं लागलं, ते मी एकदा विचारलं होतं. तर त्याचं मूळ विहिरीवरच्या मोटारीत होतं. ऐन शेवंतीच्या दिवसांत मोटार जळाली. वायरमन आला, हुंगून म्हणाला, “व्होल्टेज बरोबर होतं आबा, मोटारच वाईट.” मोटार नव्या तारेने भरून आणली, परत जळाली. वायरमन परत म्हणाला, व्होल्टेज बरोबर होतं. आबा तसेच उठले, एस.टी. धरून पुण्याला गेले आणि बुधवार पेठेतून मीटर घेऊन आले. पोरगी बघायला जावं तसं नवं धोतर नेसून गेले होते म्हणे. पंपाच्या पेटीला तारा लावल्या आणि बघतात तर व्होल्टेज निम्मंसुद्धा नाही. “तवापास्नं,” आबा म्हणाले, “तोंडी कुणाचं खरं धरायचं न्हाई. मोजायचं, मग बोलायचं.”

हे त्यांनी फार मनावर घेतलं. मी दूध संकलन केंद्रावर फॅट काढायला होते. मला कधी ‘पोरी’ म्हणायचे आणि खुशीत असले की ‘फॅटवाल्या बाई’. संध्याकाळी मी फाटकातून आत आले की पहिला प्रश्न, “आज मशीन शून्यावर आणलं होतं का, का तसंच शेतकऱ्याला लुटलं?” मी म्हणायची, “आणलं होतं आबा.” तर म्हणायचे, “कुणी बघितलं?” घरच्या सासऱ्याने असं विचारलं असतं तर मी तोंड फिरवलं असतं. आबांचा राग यायचा नाही, कारण ते देवालासुद्धा तसंच विचारतील अशी खात्री होती.

वरची गच्चीवरची खोली त्यांची. तिथे एक लांब टेबल, सोल्डरचा गोडसर धूर, डब्यांत रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर आणि भंगारातून आणलेला एक जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट काचेवर दाखवणारं यंत्र. त्याच्या गोल काचेवर एक हिरवी रेघ थरथरत असायची. आबा तिच्याकडे तासन् तास बघायचे. रेघ वळवळते म्हणून आक्का तिला ‘हिरवी आळी’ म्हणायच्या. “आळी पडली का कामाला?” असं जिन्याखालून ओरडायच्या. आबांकडे आकड्यांचा मीटर होता तसा जुना काट्याचाही होता, आणि मन काट्याच्या बाजूला होतं. “आकडा नुस्ता ओरडतो. काटा बिचारा जरा हलतो, इचार करतो, मग सांगतो. माणसानं पण तसंच सांगावं.”

आळीतले लोक मिक्सर, इस्त्र्या, टीव्हीचे रिमोट घेऊन यायचे. इथे आबांचा विक्षिप्तपणा लोकांना चांगलाच नडायचा. त्यांना दुरुस्तीची हौस नव्हतीच, त्यांना दोष शोधायची हौस होती. सर्किट मधोमध धरून आधी अर्धं तपासायचं, चांगल्या अर्ध्याला रजा द्यायची, उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं करायचं. असं करत करत दोष कोपऱ्यात सापडला की चेहरा असा फुलायचा की बघत राहावं. आणि तिथेच त्यांचं मन उडायचं. “सापडला. ह्यो कपॅसिटर गेलाय. आता कुणाकडनं बी बदलून घ्या.” बाई बिचारी उघडा मिक्सर पिशवीत घालून घरी परत.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे ‘आधी सप्लाय बघा.’ कुठलंही यंत्र बंद पडलं की माणसं आतडी काढून बसतात आणि मुळात वीजच आलेली नसते, असं त्यांचं म्हणणं. हा नियम ते माणसांनाही लावायचे. एकदा माझं आणि नवऱ्याचं कडाक्याचं वाजलं. कशावरून ते आता आठवत नाही, पण मी माहेरी खुटबावला जायची पिशवी भरली होती एवढं आठवतं. आबांनी दार वाजवलं. मला वाटलं समजूत घालतील. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं, “जेवलाय का दोघं?” जेवलो नव्हतो. “मग आधी जेवा. सप्लायच न्हाई आन् निघाले दोष काढायला.” आक्कांनी खालून पिठलं-भाकरी पाठवली. पिशवी तशीच राहिली.

आता आम्ही दौंडला राहतो. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. इथे भांडण झालं तर दार वाजवायला कोणी येत नाही, आणि भिंतीतल्या प्लगच्या तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकामागे जमिनीपर्यंत काही जातं की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. मला आबांची फार आठवण येते. कधीकधी तर माहेरच्यांपेक्षा जास्त येते, हे मी आईला सांगत नाही.

पण आबांचा मीटर एकदा खोटं बोलला, ते सांगितलंच पाहिजे. माझ्या सासूबाई पहिल्यांदाच राहायला येणार होत्या. त्याच सकाळी आबांना जिन्यात एक जुनी, कुठेच न जोडलेली वायर सापडली. तिला मीटर लावला तर मेल्या वायरीत व्होल्टेज! आबांनी ताबडतोब घरभरची वीज बंद केली. पंखा नाही, मिक्सर नाही, मोटार नाही म्हणून टाकीत पाणी नाही. सासूबाई उन्हातून आल्या त्या घामाघूम होऊन बसल्या आणि मी पाट्यावर चटणी वाटली. आबा दिवसभर जिन्यात उकिडवे. वायर कुठून जिवंत झाली ते सापडेना. संध्याकाळी त्यांनी त्या वायरीला एक साधा बल्ब जोडला, आणि मीटरवरचा आकडा टुपकन शून्यावर आला. बल्ब पेटलाही नाही.

“भूत व्होल्टेज,” आबा सासूबाईंसमोर येऊन अपराध्यासारखे म्हणाले. “शेजारनं चालू वायर गेलीय. ही रिकामी वायर तिचं ऐकून ऐकून बोलत होती. वझं टाकलं की गप्प झाली.” सासूबाईंनी पदराने वारा घेत विचारलं, “भूत हाय का जिन्यात?” आबा म्हणाले, “व्हतं. गेलं.” त्या रात्री सासूबाई शांत झोपल्या, आबांना मात्र झोप लागली नसणार. मीटर खोटं बोलू शकतो हे त्यांच्या मनाला लागलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते मधूनच म्हणायचे, “नुस्तं मोजून भागत न्हाई पोरी. वझं टाकून बघावं लागतं.”

ह्या सगळ्यात आक्कांचा आवाज होता. आबा काय करतात ते आळीला आक्कांमुळे कळायचं. त्या भाजी निवडताना बोलायच्या, भांडी घासताना बोलायच्या, कोणी नसलं तर दाराच्या कडीशी बोलायच्या. आम्ही राहायला येऊन काही वर्षं झाली आणि हा आवाज हळूहळू कमी झाला. आधी टीव्हीचा आवाज मोठा झाला. मग आक्का विचारल्याचं भलतंच उत्तर द्यायला लागल्या. आपलं उत्तर चुकतं आहे आणि समोरची माणसं हसू दाबताहेत हे त्यांना दिसायचं. मानी बाई. चुकण्यापेक्षा त्यांनी बोलणंच सोडलं. मुलाने पुण्याहून कानाचं मशीन आणलं, ते त्यांनी आठवडाभरात डब्यात टाकलं. “बया, वाटी पडली तरी डोक्यात तोफ वाजती,” एवढं म्हणाल्या, आणि पुन्हा गप्प.

आबा वर रेघेपुढे बसायचे, पण आता जिन्याखालून कोणी हिरव्या आळीची चौकशी करत नव्हतं. एकदा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तर त्यांनी मला हाक मारून आत बोलावलं. टेबलावर काहीच उघडलेलं नव्हतं. “पोरी,” ते म्हणाले, “आमच्या हिचा आवाज बंद झालाय.” मी म्हणाले, “आबा, त्यांना ऐकू येत नाही ना.” “तेच म्हंतो. आउटपुट न्हाई, म्हंजी इनपुट बघाय पायजे. आत यंत्र चांगलं हाय. मला ठावं हाय, चांगलं हाय.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “घर लई गप झालंय. मला करमत न्हाई.” इतकी वर्षं बायकोच्या बोलण्याखाली सुखाने नांदलेला माणूस. त्याला ती ऐकू यायला हवी होती, एवढंच त्याचं मागणं होतं.

आणि ज्या माणसाने जन्मात एक मिक्सर पूर्ण दुरुस्त केला नाही, त्याने आक्कांसाठी ऐकायची डबी करायला घेतली.

आधी कान मोजायचा होता. आबांनी एक शिट्टीचं सर्किट केलं, आक्कांच्या कानाला हेडफोन लावला आणि खुणेने सांगितलं, आवाज आला की हात वर कर. आक्का समोर बसल्या. आबा बटण दाबायचे आणि मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघायचे. आक्का हात वर करायच्या. बारीक आवाज, हात वर. आणखी बारीक, तरी हात वर. आबा खूश. म्हणाले, कान तर तरण्या पोरीचा हाय. मग त्यांच्या लक्षात आलं की हेडफोनची वायर खाली लोंबते आहे, जोडलेलीच नाही. आक्का आबांच्या तोंडाकडे बघून हात वर करत होत्या. “अगं, खोटं का बोललीस?” आबा ओरडले. आक्का म्हणाल्या, “तुमचं त्वांड एवढंसं व्हईल म्हणून.” त्यानंतर आबांनी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि सगळं पुन्हा मोजलं.

डबी साबणाची होती. आत माईक, एक लहानसं सर्किट, बाहेर हेडफोन. माणसाचा आवाज मोठा व्हावा आणि वाटीचा तेवढा दबावा, म्हणून आबांनी वर खोलीत कितीतरी वाट्या पाडल्या. खाली आमच्या डोक्यावर दिवसभर स्वयंपाकघर कोसळल्यासारखं वाटायचं.

डबी पहिल्यांदा लावली तेव्हा मी तिथेच होते. दिवेलागणीची वेळ, आक्का ओसरीवर खुर्चीत, आबा शेजारी स्टुलावर. आबांनी बटण लावलं. आक्कांनी कान झाकले. “गुणगुणतंय. भुंगा शिरलाय आत.” आबांनी डबी हातात घेतली, चाचपली, आणि हेडफोनच्या पिनेजवळच्या धातूच्या पट्टीला त्यांचं बोट लागलं. आक्कांचा चेहरा बदलला. त्या वर पंख्याकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, “ह्यो पंखा कवापास्नं कुरकुरतोय? आन् तुम्ही तसाच फिरवताय व्हय? त्याल घालाय हात मोडले का?” आबा हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी आणि नंतरही पाहिलं नाही. त्यांनी बोट काढलं, तर भुंगा परत आला. बोट ठेवलं, भुंगा गेला. मग त्यांनी ते ठेवूनच दिलं, आणि आक्का सगळ्या मुक्या दिवसांचं तुंबलेलं बोलत राहिल्या. सुनेचं चुकतं कुठे, शेजारणीने वाटी परत केली नाही, मार्केट यार्डात मेथी काय भावाने गेली. आबा पट्टीवर बोट ठेवून ऐकत होते.

पण ही काही दुरुस्ती नव्हे. बोट ठेवून चालणारं यंत्र आबांना पटण्यासारखं नव्हतं. ते वर जाऊन दोष शोधायला बसले. अर्ध्याचं अर्धं करून झालं, भाग बदलून झाले. शेवटी माईकच्या तारेवर जे जाळीचं वेष्टण असतं, त्याचा सोल्डरचा डाग कच्चा बसला होता तो सापडला. दिसायला चांगला, आतून सुटा. आबांनी तो नीट दिला आणि मला गच्चीवरून हाक मारली. हिरवी रेघ साबणाने धुतल्यासारखी सरळ होती. बोट ठेवा नाहीतर काढा, तिला काही फरक नव्हता.

संध्याकाळी डबी खाली आली. आबांनी बोट ठेवलं, आक्का बोलायला लागल्या. आबांनी बोट काढलं. “भुंगा आला का?”

“आला,” आक्का म्हणाल्या.

आबांनी बोट परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर जाऊन पुन्हा मोजलं. रेघ सरळ. खाली आणलं. “आला का?” “आला की.” असं रोज चालू झालं. आबा दिवसा वर मीटरशी झगडायचे आणि दिवे लागले की स्टुलावर बोट ठेवून बसायचे. भूत व्होल्टेजने त्यांचा मीटरवरचा विश्वास हलवला होता, त्यामुळे एवढी सरळ रेघ बघूनही त्यांना वाटायचं, मीटरलाच दिसत नाही असं काहीतरी असेल.

मग एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. “फॅटवाल्या बाई, तुझा कान चांगला हाय. घाल.” मी हेडफोन घातला. त्यांनी बोट ठेवलं. मला आळीतला सायकलवाला, खालची भांडी, त्यांचा श्वास, सगळं स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी बोट काढलं. तसंच स्वच्छ.

“भुंगा?”

“नाही आबा.”

“नीट ऐक.”

“अजिबात नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं दोष सापडल्यावर फुलतो तसा चेहरा फुलेल. तसं झालं नाही. ते खाली मान घालून स्वतःशीच जरासं लाजल्यासारखे हसले. पासष्टी उलटलेल्या बागायतदाराला लाजताना मी प्रथमच पाहत होते. त्यांनी ऑसिलोस्कोपचं बटण बंद केलं. “आत्ता ध्यानात आलं व्हय रं माझ्या,” असं काहीतरी पुटपुटले. मला म्हणाले, “पोरी, ह्ये खाली बोलायचं न्हाई.”

“नाही बोलणार.”

“बरं मग. जातो मी. तिथं बोट ठिवाय पायजे.” आणि अजून उन्हं चांगली वर होती तरी खाली गेले.

त्यानंतर वरची खोली जवळजवळ बंदच पडली. दिवे लागायच्या आधीच आबा स्टुलावर असायचे. आक्का बोलताहेत, आबा पट्टीवर बोट ठेवून मान हलवताहेत, मधेच “मग काय म्हनली ती?” विचारताहेत. मुलगा आला की म्हणायचा, “आबा, वरचं सामान देऊन टाकू का भंगारात, आता तुम्ही बसत न्हाई तर?” आबा म्हणायचे, “राहू दे.” त्यावर आक्का बोलता बोलता थांबायच्या, आबांकडे बघायच्या आणि विषय बदलायच्या.

नवऱ्याला कुरकुंभच्या कंपनीत जागा मिळाली आणि आम्ही दौंडला आलो. निघताना आबांनी सामानाच्या टेंपोची बॅटरी मोजली. फोनवर बोलणं व्हायचं. मग एका थंडीत आबा सकाळी अंथरुणातच गेले. खड्ड्याला पाणी घालायला उठले नाहीत म्हणून आक्का बघायला गेल्या.

दशक्रियेला मी घोड नदीच्या घाटावर होते. आपल्याकडे हल्ली प्रवचनानंतर श्रद्धांजलीची भाषणं असतात, तशी झाली. एक पुढारी म्हणाले प्रगतशील शेतकरी गेला, दुसरे म्हणाले शेवंतीचा राजा गेला. मीटरचं नाव कोणी घेतलं नाही. आणि सगळा वेळ माईक गुणगुणत होता. बोलणारा बोलतोय आणि खाली तो घुंऽऽ आवाज. माणसं शांतपणे ऐकत होती. इथे आबा असते तर प्रवचनकारांना हाताने थांबवून तारेमागे चालत गेले असते, असं वाटलं आणि तिथे मला जे रडू फुटलं ते आवरेना. माझ्या शेजारच्या बाईला वाटलं मी मुलगीच आहे त्यांची. मी ते खोडून काढलं नाही.

आक्कांशी त्या गर्दीत बोलणं झालं नाही. ते काही महिन्यांनी, केंदूरला झालं. मुलाने त्यांना शेतातल्या घरी नेलं होतं. मी गेले तेव्हा तो अंगणातच भेटला. “नवं मशीन घेतलंय ताई, एकदम भारी. आता कुजबुजलं तरी ऐकू येतं. पण बोलत न्हाई आई. व्हय, न्हाई, एवढंच. सगळं ऐकती आन् गप बसती. डॉक्टर म्हंत्यात कान एकदम ओके हाय.” त्याचा चेहरा उतरला होता. सून आत म्हणाली, “तुमच्याशी बोलल्या तर बघा.”

आक्का पलंगावर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या, माझा हात धरला. मी दौंडचं, पोरांचं, कशाकशाचं सांगत राहिले. “बरं,” म्हणाल्या. “व्हय,” म्हणाल्या. सून चहा टाकायला गेली. तिची पावलं लांब जाईपर्यंत आक्का दाराकडे बघत होत्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “पोरी, मी त्यास्नी फसिवलं.”

मी पलंगावर त्यांच्याजवळ सरकले.

“ती डबी चांगली झाल्ती. त्यांनी डाग दिला त्याच दिशी झाल्ती. भुंगा-बिंगा काय न्हवता. मी म्हणायची, आला. बोट काढलं की वर जात्याल गं. सारा जन्म त्या हिरव्या आळीम्होरं गेला त्यांचा. मला वाटलं, बसू द्या की आजच्या दिस. उद्या सांगू. मग उद्या बी सांगवंना.” त्यांनी माझा हात सोडला. “एकच हौस व्हती माणसाला. माझ्यापायी ती खोली बंद पडली. खोटं बोलून मी त्यास्नी स्टुलाला बांधून ठिवलं आन् तसंच पाठवलं. आता कानात सगळं येतं, पर त्वांड उघडाय गेलं की तेच आठवतं. त्यांच्याशी खोटं बोललेलं त्वांड हाय ह्ये.”

आबांनी मला खाली बोलायचं नाही असं सांगितलं होतं. पण आता वर-खाली असं काही उरलंच नव्हतं. मी म्हणाले, “आक्का, आबांना ठाऊक होतं.”

“काय?”

“डबी चांगली झालीय ते. त्यांनी माझ्या कानाला लावून बघितलं होतं. मी म्हणाले भुंगा नाही. मग ते लाजले आणि खाली आले तुमच्याशेजारी बसायला.”

“कवा?”

“त्याच महिन्यात. वरची खोली त्यांनी आपण होऊन बंद केली, आक्का. तुम्ही नाही बंद पाडलीत.”

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मला सांगता येणार नाही. डोळे भरले, पुसले, पुन्हा भरले. मग त्या ताठ बसल्या.

“म्हंजी ठावं असून बसला ह्यो माणूस?” त्यांचा आवाज चढायला लागला. “आन् स्टुलावर बसून पाठ आखडायची तवा मी त्याल चोळायची. मनात म्हणायची, माझ्या पापानं आखडलीया. आन् ह्ये गप पडून चोळून घ्यायचे! चहा आला की म्हणायचे, बोट काढता येत न्हाई, बशी तूच धर तोंडाशी. धरली की मी! दुसऱ्या हाताला काय झाल्तं? आँ? काय झाल्तं दुसऱ्या हाताला?” सून चहा घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. तिच्यामागे अंगणातून मुलगाही येऊन उभा राहिला. आक्कांना त्यांचं भान नव्हतं. त्या समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून कडाडत होत्या, शिरूरच्या अंगणात कडाडायच्या तशा, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा.

“लबाड माणूस,” त्या म्हणाल्या. “सांगायचं तरी एकदा. मी काय उठू दिलं असतं व्हय!”